यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवणाऱ्या व्यक्तीला गणित-शिक्षण या विषयात प्राध्यापक होता येईल का?

होय, परंतु हा मार्ग गणिताच्या प्राध्यापकाहून वेगळा आहे. बी.एड. महाविद्यालयात गणित अध्यापनशास्त्र शिकवण्यासाठी गणितातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या लागतात, शिवाय नेट किंवा सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा. आपण एम.एस्सी. झालेले असाल, तर दोन वर्षांचे एम.एड. ही पुढची पायरी.

खरी कसोटी पीएच.डी.च्या विषयाची आहे. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, जे 1974 पासून कार्यरत आहे, गणित-शिक्षणावर पूर्णवेळ संशोधन करता येते. नोकरी सोडणे शक्य नसल्यास अमरावती विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे मार्गदर्शक शोधावेत. विषयासाठी मात्र दूर जाऊ नये. ज्या मुलांच्या घरी कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, ती मराठीतील 'एकोणपन्नास' हा शब्द ऐकून 49 लिहिताना नेमकी कुठे अडखळतात, आणि आठवडी बाजारात तोंडी अचूक हिशेब करणारे मूल पाटीवर तीच वजाबाकी का चुकते, हे आपण रोज पाहता. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असे संख्यावाचन सुचवले तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादाला वर्गातील निरीक्षणांचा आधार हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून प्रवेशाची वाट न पाहता मुलांच्या चुका, तारखेसह आणि त्यांच्याच शब्दांत, आजपासून वहीत नोंदवू लागावे. पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत ही वही आपली बाजू भक्कम करील.