मे महिन्यात मुलांना आणि आईला घेऊन कोल्हापुरात दोन-तीन दिवस काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की नागपूरहून मालवणच्या समुद्रावर निघालोय, वाटेत कोल्हापुरात थांबायचा विचार आहे, सोबत आठ आणि तेरा वर्षांची मुलं आणि आई. देवीचं दर्शन आणि तांबडा-पांढरा सोडून भर उन्हाळ्यात इथे करण्यासारखं काही आहे का, की सरळ समुद्रच गाठावा?

थांबाच. जमलं तर तीन दिवस थांबा.

मी मंगळवार पेठेत वाढले, आणि पाहुण्यांचा कार्यक्रम कसा ठरलेला असतो ते लहानपणापासून बघत आलेय. दुपारी बाराला देवळाच्या रांगेत, दोनला भरपेट मटण, तीनला तसंच पन्हाळ्यावर. मग रात्री म्हणतात, कोल्हापुरात ऊन फार. नागपूरकरांना खरं तर इथलं ऊन सौम्यच वाटेल, पण आईंना आणि धाकट्याला दुपारी फिरवू नका. उन्हाळ्यात हे गाव पहाटे उठतं, दुपारी घरात असतं आणि पाच वाजल्यानंतर पुन्हा रस्त्यावर येतं. तुम्हीही तसंच केलंत तर तीन दिवस कसे गेले कळणार नाही.

पहिल्या दिवशी पहाटेच अंबाबाईला जा. मेच्या सुट्टीत दहानंतर रांग लांबते आणि फरशी पायाला चटके देते. पहाटे दगड गार असतो, गर्दी कमी असते आणि आईंना निवांत दर्शन होतं. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, भिंतीवरचं कोरीवकाम मुलांना दाखवा. मग मिसळ. फडतरे, बावडा, चोरगे ही नावं कुणीही सांगेल. मिसळ ही इथे सकाळची गोष्ट आहे, दुपारी उरलीसुरली खाण्यात मजा नाही. सोबत स्लाईस ब्रेड येतो आणि कट मागाल तितका मिळतो. धाकट्याला दही घालून द्या.

दुपारसाठी टाऊन हॉल. ही जागा पाहुणे हमखास सोडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. उंच उतरत्या छपरांची १८७० च्या दशकातली इमारत, भोवती बाग आणि मोठाली झाडं, आत संग्रहालय. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तिथे सापडलेल्या वस्तूंमध्ये कांस्याची एक छोटी मूर्ती आहे, वीतभर उंचीचीही नाही. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी व्यापार चालायचा, किनाऱ्यावरच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून वर यायचा, आणि त्या वाटेने हा देव आमच्या नदीकाठी येऊन पोहोचला. मुलांना सांगा की तुम्ही ज्या समुद्राकडे निघालाय, त्याचा देव दोन हजार वर्षांपूर्वी उलट दिशेने घाट चढून इथे आलाय. तेराव्या वर्षी हे ऐकलेलं विसरत नाही. सरकारी संग्रहालय असल्यामुळे सोमवार टाळा.

नवा राजवाडाही दुपारचाच. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, काळ्या दगडाचा, मधोमध घड्याळाचा मनोरा. ब्रिटिश वास्तुरचनाकार मेजर मँट यांनी टाऊन हॉल आणि हा वाडा, दोन्हींचे आराखडे केले. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते नीट बघा. शस्त्रांच्या दालनात मुलं आपोआप रेंगाळतील.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. माझ्या मते हीच कोल्हापूरची खरी संध्याकाळ. रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, पाठी धुतलेल्या, काळ्याभोर. गवळी खाली बसतो, कासेला पाणी मारतो, गुडघ्यात भांडं धरतो आणि धार काढायला लागतो. आधी भांड्याच्या तळावर धारेचा टणटण आवाज येतो, मग भांडं भरत जातं तसा तो मऊ होतो. तुमच्या समोरच ग्लास भरला जातो, वर दोन बोटं फेस. दूध कोमट असतं, त्याला किंचित गोडसर वास असतो. तालमीतली पोरं ग्लास उंच धरून एका दमात संपवतात आणि पुढचा मागतात. मुलांना धारोष्ण दूध सोसणार नाही असं वाटत असेल तर एखादा घोटच द्या, पण तिथे उभं राहून बघू द्या. शहरातल्या मुलांनी दूध पिशवीतून येताना पाहिलेलं असतं.

तिथून रंकाळा तलावावर. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि तळ्यातला संध्यामठ, म्हणजे जुनी दगडी वास्तू, चांगला उघडा पडतो, पावसाळ्यात येणाऱ्यांना तो असा दिसत नाही. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट धाकट्याला जरूर सांगा: नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तळ्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल. आम्ही लहानपणी नंदीपासून पाण्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचो. चौपाटीवर भेळ, भाजलेली कणसं, सगळं मिळतं. भेळेसाठी खास जायचं असेल तर खासबागेजवळची राजाभाऊंची. उन्हाने जीव हैराण झाला असेल तर कॉकटेल मागा. इथे कॉकटेल म्हणजे फळांचे तुकडे, आईस्क्रीम आणि सुका मेवा घालून भरलेला उंच ग्लास, त्यात दारूचा संबंध नाही. आईंना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पन्हाळा, आणि मुक्कामही तिथेच करा. शहरापासून वीसेक किलोमीटर, पण संध्याकाळी वर वारा सुटला की खालचा उन्हाळा विसरायला होतं. सकाळी लवकर उठून चालत फिरा. तीन दरवाजा, मग शेजारची अंधार बाव. ही तीन मजली विहीर आहे, पायऱ्या उतरताना गारवा अंगाला लागतो. पुढे अंबरखाना: गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावं असलेली तीन अवाढव्य धान्यकोठारं. धान्य वरून ओतायची भोकं मुलांना दाखवा आणि मग १६६० चा वेढा सांगा. सिद्दी जौहरने गड चार महिने आवळून धरला होता, तेव्हा आत माणसं जगली ती अशा कोठारांवर. जुलैतल्या पावसाळी रात्री महाराज ज्या राजदिंडीतून बाहेर पडले, ती बघितल्याशिवाय गड उतरू नका. बाजीप्रभूंचा पुतळा वाटेतच आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. खाण्याचं म्हणाल तर झुणका-भाकर, ठेचा आणि दही. पन्हाळ्यावर बाकी मेनू बघूच नका.

वाटेत जोतिबा करता येईल. चैत्र पौर्णिमेची यात्रा तुम्ही येईपर्यंत होऊन गेलेली असेल, आणि आईंना घेऊन त्या गर्दीत जाऊ नये हेही खरं. पण पायऱ्यांच्या फटींत गुलाल तेव्हाही दिसेल.

गडावरून उतरल्यावर संध्याकाळ शहरात घालवणार असाल तर दोन गोष्टींपैकी एक निवडा. पहिली तालीम. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या जुन्या तालमी. पहाटे आणि दुपार कलल्यावर पोरं मेहनत करताना दिसतात. आधी वस्तादांना विचारा, दाराशी उभं राहून बघा, आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, मातीला कुणाचीही चप्पल लागू देऊ नका. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घातलेलं असतं, तिला इथे देवासारखं मानतात. मग खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ साली खुलं झालेलं, बशीसारखं खोलगट, कुठेही बसा, कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्या रात्री आमच्या पेठेत कुणाला झोप लागली नव्हती.

दुसरी गोष्ट फुटबॉल. हे बाहेरच्यांना माहीतच नसतं. कोल्हापूर कुस्तीचं तसंच फुटबॉलचं गाव आहे. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशा तालमी-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि अख्ख्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. मेमध्ये हंगाम शेवटाकडे आलेला असतो, म्हणजे सामने चुरशीचे. त्या दिवशी मॅच आहे का हे कोणत्याही रिक्षावाल्या मामांना विचारा, स्कोअरसकट सांगतील. मुलं सोबत असल्यामुळे समर्थकांच्या घोळक्यापासून जरा लांब बसा. आभाळ भरून आलं तर मात्र लवकर निघा. एप्रिल-मेचा वळीव इथे धिंगाणा घालतो: आधी धूळ, मग वारा, मग गारा, आणि लगेच वीज गुल. पण त्यानंतर जी गार हवा सुटते, तिच्यासाठी आम्ही सगळा उन्हाळा वाट बघतो.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर खिद्रापूर. लांब आहे, साठेक किलोमीटर, आणि तरीही मी दाजीपूरच्या जंगलाऐवजी तुम्हाला हेच सांगेन, कारण दाजीपूरला पूर्ण दिवस आणि तरुण पाठ लागते. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, गोल आभाळ आहे, आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. सूर्य डोक्यावर आला की उन्हाचं वर्तुळ खांबांच्या मधून हळूहळू त्या शिळेवर सरकतं. शहर सोडलं तर दुपारी घराबाहेर पडावं अशी जिल्ह्यातली ही माझ्या लेखी एकच जागा, कारण आत दगडाचा गारवा असतो. धाकट्याला बाहेरच्या पायथ्याशी कोरलेले हत्ती मोजायला लावा. परतताना नरसोबाची वाडी: संगमाचा घाट, दत्तदर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. आई खूश होतील. पाण्यात मात्र उतरू नका, कृष्णेत मगरी आहेत. आणि पंचगंगेत आम्ही पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, पण आजचं तिचं पाणी बघून मी माझ्या घरच्या मुलांनाही उतरू देत नाही. नदी पुन्हा स्वच्छ व्हावी असं फार वाटतं.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते: मुलांना पांढरा रस्सा आधी द्या, तांबडा नंतर चाखवा. आणि जड जेवण रात्री घ्या.

चपला महाद्वार रोडच्या परिसरात, चप्पल लाईनला मिळतील. पहिल्याच दिवशी घ्या, खोलीत थोडा वेळ घालून अंगठा आणि पट्टा सैल होऊ द्या, कोरड्या पडल्या असतील तर तेलाचा हात फिरवा. मालवणला त्या गाडीतच ठेवा. खाऱ्या पाण्याने कातडं वाया जातं.

मालवणला जाताना गगनबावड्याच्या वाटेने उतरा. निघण्याआधी करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांपैकी कोणता सुरळीत चालू आहे याची चौकशी करा. पहाटे निघालात तर घाट गारव्यात उतराल, वाटेत करवंदं विकायला बसलेल्या मावश्या भेटतील, आणि दुपारच्या जेवणाला मासे ताटात असतील.