'शेकी कॅम'ला 'हलता कॅमेरा' चालेल का?

प्रश्न असा आलाय की सिनेमाच्या परीक्षणात 'शेकी कॅम'साठी, म्हणजे पडद्यावरचं चित्र मुद्दाम हलतं ठेवण्याच्या शैलीसाठी, 'हलता कॅमेरा' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते नको, कारण ट्रॉलीवरचा नि क्रेनवरचा कॅमेरापण हलतोच की, पण तिथे प्रेक्षकाच्या पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही.

मुळात इथे दोन गोष्टींची गल्लत होते. हँडहेल्ड म्हणजे कॅमेरा हातात किंवा खांद्यावर धरून शूट करणं, ही झाली पद्धत. चित्र हलणं हा परिणाम, आणि पहिलं असलं की दुसरं येतंच असं नाही. १९९५ मध्ये लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकांनी 'डॉग्मे' नावाच्या सिनेचळवळीचे नियम काढले त्यात कॅमेरा हातातच हवा अशी अट होती, पण हातात धरून जी हालचाल किंवा जो स्थिरपणा साधेल तो चालेल असंही त्यात होतं. उलट 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये (१९९८) लढाईच्या प्रसंगात कॅमेरा हातात होताच, शिवाय चित्र थरथरवणारं यंत्रही वापरलं. म्हणून पद्धतीला सरळ हँडहेल्डच म्हणावं, 'हस्तधृत' वगैरे करून कुणाचं भलं होणार नाही.

परिणामासाठी मात्र मराठीत शब्दच शब्द आहेत. 'रायन'मधल्या स्फोटांच्या वेळी चित्र थरथरतं, बारीक आणि भराभर. 'द बोर्न अल्टिमेटम'च्या (२००७) मारामारीत ते हिसके खातं, वर कटही पटापट. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (१९९९) जंगलात पळताना ते हिंदकळतं, आणि मळमळतं ते असल्या हलण्यानेच, डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, बाबा तू खुर्चीत बसलायस.

डगमगता नावेला किंवा निर्धाराला ठीक. डुगडुगता तर नकोच, त्यातून काहीतरी सैल झालंय असं वाटतं आणि इथे सगळं मुद्दाम केलेलं असतं.

सरसकट एकच शब्द हवा तर मी 'हिंदकळता कॅमेरा' म्हणेन. भरलेली घागर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं, म्हणजे वाहून नेणाऱ्या माणसाची पावलं त्या शब्दात आहेतच, आणि हँडहेल्डमध्ये नेमकं तेच दिसतं. "शेवटच्या मारामारीत कॅमेरा इतका हिंदकळतो की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही", बघा, बोलतानाही कुठे अडत नाही.