वेदांसारखंच ख्रिस्ती लोक बायबलही अपौरुषेय मानतात का? मग त्यावर माणसांची नावं कशी?

नाही, अपौरुषेय मानत नाहीत. बायबल माणसांनीच लिहिलं आणि तरी ते देवाचं वचन आहे, हा आमचा विश्वास. यातलं अर्धंच धरलं की गोंधळ होतो, आणि तो गोंधळ बाहेरच्यांपेक्षा आमच्याच लोकांनी जास्त घातलाय. याच मुद्द्यावरून माझ्याकडचा संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवायचा, वर्ग काढून घेतला गेला, म्हणून हे लिहितेय.

मी नगरची, पिढीजात प्रोटेस्टंट. आठवी ते दहावीची मुलं माझ्याकडे असायची. त्या रविवारी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र चालू होतं, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं. पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यापैकी कुणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही. लगेच पुढे, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. एका मुलाने हात वर केला. "टीचर, पवित्र आत्मा सांगत होता ना? मग पौल विसरला कसा?"

त्या मुलाचा मला आजही अभिमान वाटतो. रोज घरी शास्त्रवाचन करणाऱ्या मोठ्यांनाही ती ओळ कधी अडत नाही. मी म्हटलं, पौल खरंच विसरला, आणि आत्म्याने ते खोडलं नाही. देवाने पौलाला निवडलं ते त्याच्या रागासकट, घाईसकट, विसरण्यासकट. मग पौलाचंच, त्याचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडायला लावलं. चौथा अध्याय: त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. हिवाळ्याच्या आत ये, असंही खाली आहे. आणि शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे हे जे वचन सगळे भिंतीवर लावतात, ते याच पत्रातलं, फक्त एक अध्याय आधीचं.

झालं. मला चर्चच्या कमिटीपुढे बोलावलं. मुलांच्या मनात संशय पेरता, असं एका ज्येष्ठ सभासदांनी सुनावलं. त्यांच्या मते देवाने शब्द न् शब्द सांगितला, लेखकांनी फक्त लेखणी धरली. मी विचारलं, मग लूक काय म्हणतो? येशूचं चरित्र सांगणाऱ्या आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की पुष्कळांनी हे आधी लिहिलंय, डोळ्यांनी पाहिलेल्यांकडून ते आपल्यापर्यंत आलंय, मीही मुळापासून नीट शोध केलाय आणि आता थियफिल नावाच्या माणसाला अनुक्रमाने लिहितोय. दर्शन झालं, आकाशवाणी झाली, असं तिथे काही नाही. यावर उत्तर आलं नाही. "तुम्ही काही पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाही," एवढं ऐकवलं मात्र.

त्या ज्येष्ठांचा आवडता दाखला यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा, कारण तिथे यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहून घेतो. पण मग छत्तिसावा अध्याय शेवटपर्यंत वाचा ना! यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकला जातो. अशी अख्खी गुंडाळी जळते. यिर्मया दुसरी गुंडाळी घेऊन बारूखाकडून सगळं पुन्हा लिहवून घेतो, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची तीत भर पडते. म्हणजे जिथे खरोखर सांगून लिहवून घेतलं, तिथेही मजकूर एकदाच ठरून बंद झाला नव्हता. देव त्या माणसाबरोबर काम करतच राहिला. यात मला देव कुठे कमी झालेला दिसत नाही, उलट जवळचा वाटतो.

नावांबद्दल थोडक्यात. पौल आपल्या पत्रांत स्वतःचं नाव घालतो. रोमकरांस पत्रात तर लिहून घेणारा तर्तियसही मध्येच आपला सलाम सांगून जातो. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात मात्र लेखक आपलं नाव सांगत नाही, ती नावं परंपरेने आलेली आहेत.

हेही सांगायला हवं की सगळेच ख्रिस्ती माझ्यासारखं मांडणार नाहीत. बायबलमध्ये कसलीच चूक नाही असं ठासून सांगणारं, प्रोटेस्टंटांमधल्या इव्हँजेलिकल मंडळींचं शिकागो निवेदन १९७८ चं आहे. पण लेखकांचे स्वभाव आणि शैली देवाने वापरल्या हे तेही मानतं, आणि निर्दोषपणाचा दावा काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरताच ठेवतं. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, बायबल लिहिणाऱ्या माणसांना खरे लेखक म्हटलं.

तुमच्या ओळखीत कुणी संडे स्कूल घेत असेल तर त्यांना सांगा, मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट मुलांना वर्गातच दाखवा. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावरच थांबतो, आपल्या बायबलात असलेली पुढची बारा वचनं तिथे नाहीत. कॉलेजात गेल्यावर मोबाइलवर कुणीतरी हे दाखवणारच, आणि मग घरच्यांनी फसवलं असं वाटून पोरं सगळंच टाकून देतात. आमच्यातलीच अशी मुलं मी पाहिलीत. आणि पाळक नसताना शिकवता कशा, असं त्यांना कुणी विचारलंच, तर म्हणावं, लूकही येशूच्या बारा शिष्यांपैकी नव्हता.