माळ्यावरच्या फोनोवर १८९८ कोरलंय, म्हणजे तो तेव्हाचाच का?

तुम्ही लिहिलंय की राजापूरला आजोळच्या माळ्यावर पितळी कर्ण्याचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, मिळाला. चौकोनी पेटी, पुढे कुत्र्याचं चित्र असलेली पितळी पट्टी, तिच्यावर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ आणि खाली १८९८. मामा म्हणतात, सव्वाशे वर्षांचा आहे.

मामांचा हिरमोड होईल, पण ती पट्टीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतेय. १८९८ हे लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या स्थापनेचं साल. निपर नावाचा तो कुत्रा तेव्हा कंपनीचा झालाच नव्हता. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने त्याला आधी तबकडीऐवजी ध्वनिमुद्रित नळकांडं वाजवणाऱ्या फोनोग्राफपुढे बसवलं होतं. १८९९ मध्ये कंपनीने चित्र घेतलं, ते फोनोग्राफ पुसून तिथे तबकडीचा ग्रामोफोन रंगवायच्या अटीवर. कंपनीच्या तबकड्यांच्या लेबलवर तर कुत्रा १९०९ पासून दिसतो. त्याआधी तिथे पिसाने लिहिणारा देवदूत होता. तेव्हा ते साल फार तर कंपनीचं, यंत्राचं नव्हे.

पट्टी आमसुलाने घासून लख्ख करू नका, पुरावाच धुऊन जाईल. एक स्क्रू सोडवून खालचं लाकूड बघा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत जुन्या पट्टीखाली लाकडाचा रंग वेगळा राहतो, स्क्रूही गंजून घट्ट बसलेले असतात. सगळं सारखंच दिसलं आणि स्क्रू गुळगुळीत निघाला, तर पट्टी अलीकडची समजा.

मग तबकडी ठेवायची थाळी उचला. खरी गोष्ट आत असते. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी काकांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून असाच कर्णेवाला आणला होता, ‘साहेबाच्या बंगल्यातला’ म्हणून. उघडला तर आत पेटीला न शोभणारी चिमुकली स्प्रिंगची मोटार, हातात न्यायच्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेली! कर्णा आणि पेटी नवी, यंत्र तेवढं जुनं. असे जोडून केलेले नग भारतात ढिगाने बनले आणि परदेशातही गेले. काकांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, तो भाग वेगळा.

साउंडबॉक्सवरचा, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीवरचा, आकडाही पाहा. एचएमव्हीच्या (म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइसच्या) १०१ या पेटी-मॉडेलवर ४ नंबरचा असे. ते मॉडेल १९२५ चं, आणि १९३१ पासून १०२ आलं. मात्र साउंडबॉक्स अर्ध्या मिनिटात बदलता येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

दुसऱ्या कुणाला एडिसनचं नळकांडी वाजवणारं यंत्र मिळालं तर तिथे चूक वेगळी होते. त्या पट्टीवर पेटंटच्या तारखांची रांग असते आणि लोक पहिली तारीख धरतात. बघायची शेवटची, तीही ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. चार मिनिटांची नळकांडी १९०८ मध्ये आली. दोन आणि चार मिनिटांची नळकांडी आलटून वाजवायचा खटका दिसला की यंत्र त्यानंतरचं असं वाटतं, पण एडिसनने जुन्या यंत्रांना बसवायचे संचही विकले होते.

थाळीखालच्या मोटारीचा आणि साउंडबॉक्सच्या पाठीचा फोटो टाका, मग नक्की बोलू. उघडण्याआधी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फाडते.