लिम्फोमा परत आलाय. पूर्ण बरं होण्याची आशा सोडायची का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: बाबा ५८ वर्षांचे, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) चार वर्षांनी परत आला. डॉक्टर म्हणाले, "मुळापासून जाणार नाही, आटोक्यात ठेवू." त्यावरून घरात दोन तट पडले. मोठा भाऊ म्हणतो, तीन एकर विकून मुंबईला ती नवी पेशींची ट्रीटमेंट करू. काका म्हणतात, आता देवावर सोडा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. घरची कोरडवाहू शेती, अंगणवाडीची नोकरी, आणि २०१४ पासून फॉलिक्युलर लिम्फोमा. डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा तेवढ्याच अधिकाराने लिहिते. माझा आजार परत आला, गेला, पुन्हा आला. आत्ताही काखेत बारीक गाठी आहेत, आणि औषध बंद आहे. म्हणजे सोडून दिलंय असं नाही, डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय. त्याबद्दल खाली लिहिते.

तुमच्या भावाचं नि काकांचं दोघांचंही एका बाबतीत सारखंच चुकतंय. दोघेही आजाराचं नाव न वाचता निर्णयाला बसलेत. लिम्फोमा हा एक आजार नाही, त्याचे कितीतरी प्रकार आहेत. बाबांचा जुना बायोप्सी (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट काढा आणि त्यात 'फॉलिक्युलर' लिहिलंय की 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' ते पाहा. ऐकायला उलटं वाटेल, पण झपाट्याने वाढणारा लार्ज सेल पहिल्याच उपचारात निम्म्याहून जास्त लोकांचा कायमचा जातो, आणि वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा फॉलिक्युलर सहसा मुळापासून जात नाही. केमो वाढत्या, विभागत्या पेशींना मारते. ज्या पेशी निवांत बसल्यात त्या तिच्या तावडीतून सुटतात नि काही वर्षांनी पुन्हा डोकं काढतात. पण तोच हळूपणा आपल्या कामीही येतो. फॉलिक्युलरचे बरेच पेशंट आता पंधरा वर्षांहून जास्त जगतात. डॉक्टर 'मुळापासून जाणार नाही' म्हणाले त्यावरून बाबांचा हळू प्रकार असावा असा माझा अंदाज. अंदाजावर मात्र राहू नका.

आणि जुना रिपोर्टही पुरत नाही. परत आलेली गाठ पुन्हा तपासावी लागते, कारण फॉलिक्युलरचं काही जणांत वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रूपांतर होतं. मग उपचारच बदलतो. शक्य असेल तर गाठ काढून किंवा तिचा चांगला तुकडा घेऊन तपासायला सांगा, नुसत्या बारीक सुईच्या तपासणीत प्रकार नीट कळत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध इथेच होतो. "चाकू लागला की गाठ खवळते" हे मला शिकल्यासवरल्या माणसांनीसुद्धा सांगितलंय. तसं काही होत नाही. न तपासता औषध दिल्याने काय होतं ते मात्र मी भोगलंय. पहिल्यांदा मानेला गाठ आली तेव्हा एका दवाखान्यात टीबी समजून गोळ्या सुरू केल्या. कपाशीची वेचणी संपून तूर घरात आली तरी मी टीबीच्याच गोळ्या खात होते. आपल्या भागात मानेची गाठ म्हणजे आधी टीबीच आठवतो, त्याला कारणही आहे. पण दुखत नसलेली गाठ गोळ्यांनी हलत नसेल तर कोणीतरी थांबून विचार करायला हवा होता.

एक चांगली गोष्ट तुमच्या प्रश्नातच आहे: चार वर्षं. फॉलिक्युलरमध्ये पहिला केमो सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आजार परत आला तर डॉक्टर जास्त काळजी करतात. चार वर्षं शांत राहिला म्हणजे पहिल्या औषधाने बरं काम केलं.

आता आशेचं. डॉक्टर धीर द्यायला म्हणतात, शुगर-बीपीसारखं समजा, औषध घेत राहायचं. मला हे पटत नाही. शुगरवाल्याला स्कॅनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येत नाही. तपासणीहून आले की सासूबाई दारातच विचारतात, "काहून वं, पुन्हा निघालं का थे?" या प्रश्नाला 'नाही' म्हणता येतं तेव्हाही 'कधीच नाही' म्हणता येत नाही. सवय होते म्हणतात, मला अजून झालेली नाही.

तरीही मी पूर्ण बरी होण्याची आशा सोडलेली नाही, आणि तिला कारणं आहेत. १९९० साली हा आजार झाला असता तर मला जुन्या केमोपलीकडे फारसं काही मिळालं नसतं. रिटुक्सिमॅबला, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरची खूण धरून तिला मारणाऱ्या इंजेक्शनला, अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९७ साली. तेव्हा ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं, म्हणून २०१४ मध्ये ते माझ्या हाताला लागलं. आजार परत आला तेव्हा रिटुक्सिमॅबबरोबर लेनालिडोमाइडच्या गोळ्या मिळाल्या, एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस बंद. त्याही आता भारतीय कंपन्यांच्या मिळतात. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तुमचा भाऊ म्हणतो त्या उपचाराला, म्हणजे नेक्सकार-१९ ला, देशात मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई नि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून तो उभा केला. म्हणजे माझा आजार हळू चालतोय आणि औषधं त्याच्या मागून येतायत. आजच्या औषधावर टिकले तर उद्याचं गाठता येईल, एवढा साधा माझा हिशेब आहे.

हा हिशेब सगळ्या कॅन्सरला लागू नाही, हे सांगितलंच पाहिजे. बाबांचा लार्ज सेल निघाला तर वाट बघायला वेळ नसतो. मग लवकर पुढचा उपचार, जमत असेल तर रक्त तयार करणाऱ्या स्वतःच्याच मूळपेशी काढून ठेवून मोठ्या डोसची केमो नि त्या पेशी परत देणं, हे सगळं डॉक्टर सांगतील. तिथे परत आलेला आजारही कायमचा जाण्याची खरी शक्यता असते, म्हणून तिथे 'देवावर सोडा' म्हणणं मला सरळ अन्याय वाटतो.

भावाच्या पेशींच्या ट्रीटमेंटबद्दल. त्यात पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरच्या पेशीवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखायला शिकवतात, आणि परत शरीरात सोडतात. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात, इथे बातम्यांमध्ये चाळीस लाखांच्या आसपासचा आकडा येतो. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. पण गुण येणं आणि कायमचं बरं होणं यात अंतर आहे, काहींचा आजार त्यानंतरही परत आलाय. शिवाय हे सगळं ज्यांच्यावर नेहमीचे उपचार चालेनासे झाले त्यांच्यासाठी आहे. जोरदार ताप येतो, रक्तातल्या पेशी पडतात, काही आठवडे हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागतं. माझ्या भाच्यानेही मला मोबाइलवर याचा व्हिडिओ दाखवला होता. मी तो घेऊन डॉक्टरांपुढे बसले. ते म्हणाले, "हे तुमच्यासाठी आहे, पण आज नाही. आधीची औषधं अजून शिल्लक आहेत." चार वर्षांनी पहिल्यांदाच परत आलेल्या फॉलिक्युलरसाठी शेत विकायला काढणं म्हणजे घाई आहे, असं माझं मत.

दुसरं मत घ्यायला लगेच मुंबई गाठायची गरजही नाही. टाटाशी नि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी) जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिथे रिपोर्ट पाठवून मत घेता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण प्रत्येक औषध त्यात बसत नाही. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, औषधाचं नाव घेऊन विचारा, नुसतं 'कॅन्सर बसतो का' विचारलं तर उत्तर नेहमी 'हो'च येतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढं नक्की विचारा: हा उपचार कायमचं घालवण्यासाठी आहे की दाबून ठेवण्यासाठी? आणि आत्ता उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं तर चालेल का? दुसरा प्रश्न ऐकून घरचे घाबरतात. पण फॉलिक्युलरमध्ये त्रास नसेल, गाठी बारीक असतील, रक्त चांगलं असेल, तर लगेच औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतंच असं नाही, म्हणून डॉक्टर थांबतात. मी सध्या त्याच थांब्यावर आहे. वजन उतरणं, रात्री अंग भिजेल इतका घाम, कारण नसताना ताप, यांवर नजर ठेवायची. गावातल्यांना हे समजावणं केमोपेक्षा अवघड. "गाठ आहे अन् औषध नाही?" म्हणून माझ्यासाठी कोणी जंगलातली मुळी आणतं, कोणी काढा. मी कोणाचं मन मोडत नाही, पण पोटात काही घेत नाही. केमोबरोबर असले काढे लिव्हरला महागात पडू शकतात.

देवावर सोडा म्हणणाऱ्यांत एक उपप्रकार आहे, मागच्या जन्मीचं पाप काढणारा. त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: तुकडोजी महाराजांना कॅन्सरच झाला होता, १९६८ साली ते त्यातच गेले, आणि नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे. त्यांचं कोणतं पाप होतं सांगा. मग विषय सोयाबीनच्या भावावर जातो.

बाबांचं औषध सुरू झालंच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीय ना ते पाहा, कारण लिव्हरचा हा जुना दबलेला संसर्ग या औषधाने उठू शकतो. आणि केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना तो ताप काही तासांत जिवावर बेततो. खेड्यातल्या माणसाला याचा अर्थ असा, की गाडी कोणाची नि रात्री फोन कोणाला करायचा हे केमोच्या आधीच ठरवायचं. आमच्याकडे शेजारच्या पोराची जीप ठरलेली असते, डिझेलचे पैसे डब्यात वेगळे ठेवलेले.

मुंबईला जायचंच ठरलं तर हॉस्पिटलकडून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सर पेशंटला स्लीपर नि थर्ड एसीला पूर्ण तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. आमच्याकडून विदर्भ नाही तर सेवाग्राम एक्सप्रेस सोयीची. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे बरेच पेशंट तिथे उतरतात. गर्दी असते, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा, आणि जुन्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) नि स्लाइड (काचपट्ट्या) सोबत घ्या. नुसत्या कागदांवर तिथले डॉक्टर पुढे जात नाहीत.