कंपनी ‘मोठी’ म्हणजे कशाने मोठी?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘एका बातमीत वाचले की ॲपल जगातली सर्वांत मोठी तंत्रज्ञान कंपनी. दुसरीत ॲमेझॉन ॲपलपेक्षा मोठी. तिसरीत तर ॲपल जवळजवळ भारताच्या अर्थव्यवस्थेएवढी मोठी. तिन्ही खरे कसे असेल? मार्केट कॅपला मराठीत बाजारभांडवल म्हणावे की बाजारमूल्य? आणि ट्रिलियनला खर्व म्हटले तर चालेल का?’

पहिल्या दोन बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिसरीत तुलनाच चुकली आहे. तिन्हींत मिळून एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे तृतीया विभक्ती, ‘कशाने’मधला ‘ने’.

मराठीत ‘मोठा’ म्हटले की ‘कशाने’ हे पाठोपाठ येते. वयाने मोठा, मापाने मोठा, मानाने मोठा. घरात ‘मोठा भाऊ’ म्हणतो तेव्हा वय गृहीत असते, म्हणून ‘वयाने’ बोलावे लागत नाही. (त्या अर्थाने पाहिले तर १९७५ची मायक्रोसॉफ्ट १९७६च्या ॲपलपेक्षा मोठी.) सोलापुरात चादरीचा किंवा टॉवेलचा कारखाना किती मोठा असे विचारले तर माग किती ते सांगतात. साखर कारखाना किती मोठा, तर रोजचे गाळप किती टन ते सांगतात. माप दोघांनाही ठाऊक असल्याने तृतीया गाळली तरी अडत नाही. तंत्रज्ञान कंपन्यांचे असे एकच ठरलेले माप नाही. म्हणून तिथे ‘विक्रीने मोठी’, ‘नफ्याने मोठी’, ‘बाजारमूल्याने मोठी’, ‘मनुष्यबळाने मोठी’ असे लिहिलेच पाहिजे. माप बदलले की क्रम बदलतो.

आकड्यांवरून पाहू. ॲपलची २०२४च्या आर्थिक वर्षातली विक्री सुमारे ३९१ अब्ज डॉलर, ॲमेझॉनची २०२४ची सुमारे ६३८ अब्ज. म्हणजे विक्रीने ॲमेझॉन मोठी, आणि बरीच मोठी. निव्वळ नफा मात्र ॲपलचा सुमारे ९४ अब्ज, ॲमेझॉनचा ५९. नोकरवर्ग तेव्हा ॲपलकडे १,६४,०००, तर ॲमेझॉनकडे साडेपंधरा लाखांवर, कारण गोदामातली आणि पोहोचवणुकीची माणसे तिच्याच पटावर आहेत. चिप-कंपनी एनव्हिडियाकडे जानेवारी २०२५ अखेर जेमतेम ३६,००० माणसे होती, आणि जुलै २०२५मध्ये चार लाख कोटी डॉलर बाजारमूल्याचा टप्पा गाठणारी पहिली कंपनी तीच ठरली. आपली टीसीएस (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस) माणसांनी एनव्हिडियाहून कितीतरी मोठी : मार्च २०२५ अखेर सहा लाखांहून जास्त कर्मचारी.

वर्ष लिहितानाही जपावे लागते. ॲपलचे वर्ष सप्टेंबरअखेर संपते, मायक्रोसॉफ्टचे जूनमध्ये, ॲमेझॉनचे डिसेंबरमध्ये, टीसीएसचे मार्चमध्ये. एनव्हिडियाचे ‘आर्थिक वर्ष २०२५’ २६ जानेवारी २०२५लाच संपले, म्हणजे ते जवळजवळ सगळे २०२४ सालच आहे. ‘२०२५मध्ये एनव्हिडियाची विक्री अमुक’ असे लिहिण्याआधी हे तपासून घ्यावे.

आता बाजारभांडवल की बाजारमूल्य. वृत्तपत्रांत ‘बाजार भांडवल’ रुळले आहे, ‘बाजार भांडवलीकरण’ही दिसते. माझे मत ‘बाजारमूल्य’ला, आणि त्याला कारण आहे. भांडवल म्हणजे धंद्यात घातलेला पैसा. ‘दोन लाखांचे भांडवल घालून चार माग टाकले’ यातले भांडवल. मार्केट कॅप हा कंपनीत कोणी घातलेला पैसा नव्हेच. शेअरचा आजचा भाव गुणिले एकूण शेअर, एवढाच तो हिशेब. टीसीएसचे शेअर सुमारे ३६१.८ कोटी, प्रत्येकाची दर्शनी किंमत १ रुपया. म्हणून भागभांडवल सुमारे ३६२ कोटी रुपये. भाव ३,५०० रुपये धरला तर बाजारमूल्य होते १२.६६ लाख कोटी. ‘टीसीएसचे भांडवल साडेबारा लाख कोटी’ असे वाचणाऱ्याला वाटेल की एवढा पैसा कंपनीच्या तिजोरीत आहे, किंवा कोणीतरी तो ओतला आहे. दोन्ही नाही.

सोलापूर जिल्ह्यात हा फरक समजावणे सोपे आहे. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाकडे शेअर असतो, पण तो शेअर बाजारात विकायला निघत नाही. म्हणून कारखान्याला भागभांडवल असते, उलाढाल असते, पण या अर्थाचे बाजारमूल्य नसते.

‘बाजारमूल्य’मध्येही एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. जागेचा दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क ज्यावर आकारतात तेही बाजारमूल्यच, आणि एका शेअरच्या भावालाही कोणी बाजारमूल्य म्हणतात. म्हणून लेखात पहिल्यांदा ‘सर्व शेअरचे एकूण बाजारमूल्य’ असे लिहावे, मग नुसते ‘बाजारमूल्य’. एका शेअरसाठी ‘भाव’ हा छोटा शब्द आहेच. शेअरचा भाव मोठा म्हणजे कंपनी मोठी असे मात्र नसते. जून २०२४मध्ये एनव्हिडियाने एका शेअरचे दहा केले. भाव दहाव्या हिश्शावर आला, बाजारमूल्य त्यामुळे कमी झाले नाही.

विक्रीसाठी तीन शब्द फिरतात : उलाढाल, महसूल, उत्पन्न. ‘उलाढाल’ चांगला, व्यापाऱ्याच्या तोंडचा शब्द. बाजार समितीत कांद्याची आज किती उलाढाल झाली, हे सोलापुरात सगळ्यांना कळते. पण शेअरविषयीच्या बातमीत ‘ॲपलमध्ये अमुक अब्जांची उलाढाल’ म्हटले की त्याचा अर्थ तेवढ्या रकमेच्या शेअरची खरेदीविक्री झाली असा होतो. कंपनीने फोन किती विकले याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथे ‘कंपनीची वार्षिक उलाढाल’ किंवा सरळ ‘विक्री’ म्हणावे. ॲपल आणि ॲमेझॉन आपल्या नफा-तोटा पत्रकातही ‘निव्वळ विक्री’ या अर्थाचाच शब्द वापरतात. ‘महसूल’ म्हटले की आधी तहसील कचेरी आणि सातबारा डोळ्यांपुढे येतो. तरी जाहिरातींवर चालणाऱ्या गूगलसारख्या कंपनीला ‘विक्री’ अवघडल्यासारखी वाटते, तिथे महसूल चालवून घ्यावा. ‘उत्पन्न’ मात्र टाळावे. इंग्रजी अहवालातल्या ‘नेट इन्कम’चे ‘निव्वळ उत्पन्न’ केले जाते, आणि वाचक ती विक्री समजतो. तो असतो निव्वळ नफा. ॲपलच्या बाबतीत हा घोटाळा ३९१ आणि ९४ अब्ज यांच्यातला आहे, चौपटीहून मोठा.

असाच घोटाळा ‘तोटा’ या शब्दाने होतो. २७ जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५९० अब्ज डॉलरने उतरले. त्याला ‘कंपनीला ५९० अब्जांचा तोटा’ म्हणणे साफ चूक. आदल्याच दिवशी संपलेल्या आर्थिक वर्षात त्या कंपनीला सुमारे ७३ अब्ज डॉलर निव्वळ नफा झाला होता. तोटा हिशेबाच्या वहीत असतो. भाव पडला की बाजारमूल्य ‘घटते’ किंवा ‘उतरते’. नुकसान झालेच तर त्या दिवशी खाली विकणाऱ्या भागधारकाचे.

‘टप्पा ओलांडला’ही तोलून लिहावे. ३ जानेवारी २०२२ रोजी ॲपलने तीन लाख कोटी डॉलरला बाजार चालू असताना स्पर्श केला. बाजार बंद होताना त्या वर राहायला ३० जून २०२३ उजाडला. पहिल्या तारखेला ‘स्पर्श केला’, दुसरीला ‘ओलांडला’.

आता ट्रिलियन. अमेरिकी आणि आजच्या इंग्रजी मोजणीत ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आणि आपले ‘एक लाख कोटी’ बरोबर तेवढेच : लाखाची पाच, कोटीची सात. याहून सोयीचा शब्द शोधायची गरज नाही. ‘खर्व’ मी वापरणार नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या क्रमाने अब्ज म्हणजे नऊ शून्ये, खर्व दहा, निखर्व अकरा, महापद्म बारा. त्या हिशेबाने ट्रिलियन म्हणजे १०० खर्व, किंवा १ महापद्म. हिंदीत अरबनंतर ‘दस अरब’ येतो आणि मग खरब, म्हणून त्यांचा खरब अकरा शून्यांचा. ट्रिलियन म्हणजे दहा खरब. मराठीतही काही जण अब्ज, दशअब्ज, खर्व असे मोजतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोहोंत दहापटीचे अंतर. पद्माचेही तसेच : हिंदीत पद्म पंधरा शून्यांचा, आपला महापद्म बाराचा. हिंदी बातमीवरून मराठी करताना इथे हमखास पाय घसरतो.

‘अब्ज’ मात्र बिनधास्त वापरावा. नऊ शून्यांबद्दल दोन्ही भाषांत वाद नाही, आणि सोलापूरकर तो रोज नकळत मोजतातही. उजनीतल्या पाण्याचा टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच एक अब्ज घनफूट.

लाख कोटी लिहिताना पुढचे चलन कधीही गाळू नये. ‘चार लाख कोटी डॉलर’च्या जागी ‘चार लाख कोटी रुपये’ छापले गेले तर वरच्या हिशेबातल्या टीसीएसच्या तिसऱ्या हिश्शाएवढी एनव्हिडिया उरेल. डॉलर ८५ रुपयांना धरला तर चार लाख कोटी डॉलर म्हणजे ३४० लाख कोटी रुपये. शंका आली की ओळखीच्या भारतीय कंपनीशी असे ताडून पाहावे, चूक लगेच पकडीत येते.

आता ती तिसरी बातमी, ‘ॲपल भारताच्या अर्थव्यवस्थेएवढी’. भारताचा २०२४चा जीडीपी चार लाख कोटी डॉलरच्या किंचित खाली, ॲपलचे बाजारमूल्यही त्या वर्षअखेरीस त्याच्या आसपास. आकडे जुळतात, जात जुळत नाही. उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, आणि धरणातून भीमेत सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. टीएमसी हा साठा, क्युसेक हा प्रवाह, सेकंदाला किती घनफूट हे सांगणारा. ‘धरणातले पाणी आणि विसर्ग सारखाच’ असे कोणी म्हणाले तर आपण विचारू, किती वेळाचा विसर्ग? साधारण ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस सोडले तर एक टीएमसी होते. वेळ सांगितल्याशिवाय दोहोंची तुलनाच होत नाही.

बाजारमूल्य हा साठा आहे : आज, या घटकेला, सगळे शेअर मिळून किती. जीडीपी हा प्रवाह आहे : वर्षभरात देशात किती नवे मूल्य तयार झाले. मग जीडीपीशी ॲपलची विक्री ताडावी का? ती निदान वर्षभराची आहे, पण तिथेही खोट राहते. शंभर रुपयांचे सूत आणून कोणी एकशेसाठची चादर विकली तर विक्री १६०, पण जीडीपीत या कारखान्याची भर ६०चीच, कारण सुताचे शंभर सूतगिरणीच्या नावावर आधीच लागले. ॲपल चिप आणि पडदे बाहेरून घेते, त्यांची किंमत तिच्या विक्रीत मिसळलेली असते. देशाशी तुलना करायचीच तर कंपनीच्या मूल्यवर्धनाशी करावी, आणि तो आकडा कंपन्या ठळकपणे छापत नाहीत. म्हणून ही तुलना सोडून द्यावी हे बरे.

शेवटी ‘पट’. ॲमेझॉनची विक्री ॲपलच्या विक्रीच्या १.६३ पट. मराठीत हे ‘दीडपटीहून जास्त’ इतके सहज सांगता येते. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द असताना दशांश चिन्हाने वाक्य अडवू नये. नोकरवर्ग ॲपलच्या साडेनऊ पट. पण ‘साडेनऊ पटींनी जास्त’ लिहू नये. ‘जास्त’ म्हटले की कोणी साडेनऊ धरतो, कोणी मूळ एक मिळवून साडेदहा. ‘च्या साडेनऊ पट’ असे षष्ठीने बांधले की संशय उरत नाही. ‘तिप्पट झाली’ आणि ‘तिपटीने वाढली’ यांतही हाच भेद, पहिले निःसंदिग्ध आहे. ‘तीन पट कमी’ला तर अर्थच नाही, ‘एक तृतीयांश’ म्हणावे.

तेव्हा तुमच्या तीन बातम्या अशा लिहाव्यात : ‘बाजारमूल्याने ॲपल त्या दिवशी सर्वांत मोठी तंत्रज्ञान कंपनी ठरली.’ ‘वार्षिक विक्रीने ॲमेझॉन ॲपलच्या दीडपटीहून मोठी.’ तिसरी लिहूच नये.