48 हजार भरण्याआधी एक फोन

ताई,

मी 37 वर्षांची, राहायला पालघरला. एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर सात वर्षं तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटल, दोन्ही तपासण्यांचं अप्रूव्हल आहे. मुलगी झाली, पाठोपाठ सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नोकरी सुटली ती सुटलीच. सासरे गेल्या वर्षी गेले. मुलगी आता दुसरीत आहे. परत कामाला लागावं असं फार वाटतं, पण सात वर्षांत सगळं बदललं असेल, मला कोण घेणार, असंही वाटतं. इन्स्टाग्रामवर एका करिअर सल्लागार मॅडमची जाहिरात पाहिली. पहिली भेट फुकट होती. त्या इतक्या छान बोलल्या की मला रडूच आलं. सहा महिन्यांचं पॅकेज 48 हजारांचं आहे. त्यात बोटांच्या ठशांची चाचणी, बायोडेटा, लिंक्डइन आणि बारा बैठका. माझ्या नावावरची एफडी मोडली तर जमेल, नाहीतर त्या ईएमआय करून देतात. या आठवड्यात भरले तर सूट आहे. भाऊ म्हणतो, घे. हे म्हणतात, पैसे जास्त झालेत का? दिवाळीत आमच्या जुन्या लॅब इन्चार्ज मॅडमचा फोन आला होता, त्यांच्याकडे जागा आहे. मी 'सांगते' म्हटलं. ह्यांना ते बोलले नाही. मुलीला साडेबाराला शाळेतून कोण आणणार हेही ठरलेलं नाही. सल्लागार लावू का?

– एक वाचक, पालघर

प्रिय मैत्रिणी,

तुझं मूळ पत्र बरंच लांब आहे, जागेअभावी छाटून दिलंय. त्यात पानंच्या पानं सल्लागारबाईंवर आहेत. त्यांची फी, त्यांच्या बैठका, त्यांच्यामुळे कुणाकुणाचं कसं भलं झालं. आणि दिवाळीतला फोन मात्र दोन ओळींत आटोपलाय. नोकरीसाठी एवढी झुरणारी बाई चालून आलेल्या नोकरीबद्दल इतकं कमी लिहिते, तेव्हा मला सल्लागारबाई राहू दे बाजूला, त्या फोनबद्दलच विचारावंसं वाटतं. तू परत फोन का नाही केलास?

उत्तर तुझ्याच पत्रात आहे, अगदी तळाशी.

म्हणून आधी स्पष्ट सांगते: हे पॅकेज आत्ता घेऊ नकोस. एफडीला हात लावू नकोस, आणि ईएमआयवर तर सही नकोच.

करिअर सल्लागार नावाच्या माणसावर माझा राग नाही. आपण कशात बरे आहोत हेच ज्याला उमगत नाही, दोन-तीन वाटांतली कुठली धरावी हे ज्याचं ठरत नाही, किंवा लाइन बदलायची आहे पण नव्या लाइनीत ओळखीचं कुत्रं नाही, अशा माणसाला चांगला सल्लागार खरोखर उपयोगी पडतो. तो ऐकून घेतो, कल आणि क्षमता तपासायच्या मान्य चाचण्या देतो, त्यांचा अर्थ लावून सांगतो, बायोडेटातलं पाल्हाळ कापतो, मुलाखतीची तालीम करून घेतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने मानसशास्त्रीय चाचण्यांच्या आधारे मार्गदर्शनाचं हे काम वर्षानुवर्षं केलंय. पण तुला तुझी लाइन माहीत आहे. त्या लाइनीत तुला नावानिशी ओळखणारी, एवढ्या वर्षांनी आपणहून फोन करणारी बाई आहे. त्या बारा बैठकांतल्या एखादीत तुला 'नेटवर्किंग' शिकवतील ना, त्यात हेच सांगतील की जुन्या वरिष्ठांना फोन करा. तुझ्या बाबतीत वरिष्ठांनीच तो केलाय. फुकट.

आता 'सगळं बदललं असेल' या भीतीचं. क्यूएमध्ये, म्हणजे औषध कंपनीच्या गुणवत्ता हमी विभागात, उभा जन्म गेलेल्या माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्या कानावर घातलं. त्या हसल्या. म्हणाल्या, एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, चालवून कॉलम (आतली नळी) न धुता कुणी घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी प्रेशर अजूनही तस्संच चढतं, आणि मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, अजूनही गाळून, डीगॅस करूनच घ्यावा लागतो. आवळलंय ते नोंदींचं. कुणी कुठला नमुना यंत्रात परत सोडला, आलेखातला कुठला पीक हाताने मोजला, का मोजला, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणकातल्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, राहतं आणि तपासायला येणारा माणूस आधी तेच उघडतो. तू सोडलंस तेव्हाही हे होतं, आता सैलपणा खपत नाही एवढंच. शिवाय 2023 च्या अखेरीस सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, अधिसूचित झालं. मोठ्या कंपन्यांना ते आधी लागू झालं, छोट्यांना मुदत वाढवून मिळाली ती 2025 अखेरपर्यंत. या नियमांनी कागदपत्रं, व्हॅलिडेशन (पद्धत बरोबर चालते याचा पुरावा), स्टॅबिलिटीच्या (औषध किती टिकतं याच्या) नोंदी यांचं काम वाढवलंय, आणि ते शिस्तीत करणारं माणूस छोट्या कंपनीला सहज मिळत नाही. क्यूसीच्या जाहिरातींत 'एफडीए अप्रूव्ह्ड' हे शब्द अजून दिसतात, जरा चाळून बघ. तुझ्याकडे दोन्हीचं अप्रूव्हल आहे.

अर्थात गेल्या गेल्या जुना हुद्दा मिळेल असं समजू नकोस. सुरुवातीला तुझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी बसून एसओपी (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धती) वाचाव्या लागतील, सह्या कराव्या लागतील, आणि पगाराचा आकडा ऐकून जरा वाईट वाटेल. ते मनाशी आधीच धरून जा.

आता त्या पॅकेजची थोडी चिरफाड, कारण तुझ्यासारख्या बऱ्याच जणींना हल्ली ते विकलं जातं. 48 हजार हा आकडा जीएसटी धरून आहे का, हे विचारलंस? नसेल तर 18 टक्क्यांनी 8,640 वर चढतात, म्हणजे 56,640. 'ईएमआय करून देतो' याचा अर्थ बहुतेक वेळा असा की एखादी फायनान्स कंपनी तुझ्या नावावर कर्ज देते, सल्लागाराला पैसे एकरकमी मिळतात, आणि तिसऱ्या बैठकीनंतर तुझं मन उडालं तरी हप्ते कापले जातच राहतात. हप्ता चुकला तर सिबिल खराब होतं तुझं, त्यांचं नाही. आणि बोटांचे ठसे! अगं, तू केमिस्ट आहेस. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या आत-बाहेर पक्क्या होतात. त्यावरून तू लॅबमध्ये बसावंस की मार्केटिंगला जावंस हे कळत असेल, तर मग टिटरेशनऐवजी बाटलीचा रंग पाहून रिपोर्ट द्यायला काय हरकत होती? या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलेलं आहे. ज्या पॅकेजमध्ये ती चाचणी आहे, त्या पॅकेजचा बाकी माल मी तरी दोनदा उलटून पाहीन. या व्यवसायाला वकिलांसारखी सनद लागत नाही, पाटी कुणीही लावू शकतं. 'या आठवड्यात भरले तर सूट' हे साड्यांच्या सेलमध्ये शोभतं.

रडू आलं म्हणतेस, त्याबद्दलही बोलायला हवं. त्या बाईंनी तुला समोर बसवून विचारलं की तुम्हाला स्वतःला काय हवंय. सासऱ्यांची औषधं, फिजिओथेरपी, लेकीचे डबे या सगळ्यात घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नसणार. मग रडू येईल नाहीतर काय. त्या रडण्याला मी अजिबात हसत नाही. पण डोळे ओले असताना यूपीआयचा पिन टाकू नये. नुसतं मन मोकळं करायची गरज असेल, झोप लागत नसेल, कशात जीव रमत नसेल, तर ते काम करिअर सल्लागाराचं नाही. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता मुद्द्याचं. तू नवऱ्याला काय विचारलंस? '48 हजारांचं पॅकेज घेऊ का?' आणि तो म्हणाला, 'पैसे जास्त झालेत का?' तिरकस बोलला, बरोबर नाही बोलला. पण त्याच्यापुढे तू ठेवलेला विषय पैशांचाच होता. नोकरी चालून आलीय हे त्याला माहीतच नाही. मला वाटतं तू मुद्दाम नाही, पण नकळत सोपा विषय पुढे केलास. पॅकेजला नाही म्हटलं तर तेवढ्यापुरतं वाईट वाटतं. नोकरीला नाही म्हटलं असतं, तर मात्र सात वर्षांचा हिशेब निघाला असता, आणि तो तुला काढायचा नाही. सल्लागाराच्या सहा महिन्यांत आणखी सहा महिने हा विषय टळतो, हाही एक फायदाच की त्या पॅकेजचा!

तो विषय आता काढ. रात्री जेवणं झाल्यावर नको, तेव्हा माणूस अर्धा मोबाइलमध्ये असतो. रविवारी सकाळी चहा ठेव आणि सरळ सांग, 'मॅडमचा फोन आला होता, जागा आहे, मला जायचंय.' 'जाऊ का' असं विचारू नकोस. त्यापुढे जे बोलायचं ते व्यवस्थेचं: साडेबाराला कोण आणणार? शाळेजवळ पाळणाघर आहे का, त्याचे महिन्याचे किती? शेजारच्या मुलाची रिक्षा आपल्या दारावरून जाते का? लेक तापाने फणफणली तर पहिली रजा कुणाची, दुसरी कुणाची? हे शेवटचं लिहून घेतलंस तरी चालेल, कारण नेमकी इथेच बायकांची नोकरी सुटते. संध्याकाळचं सांग. पालघर-बोईसर अंतर काहीच नाही, मध्ये एक उमरोळी, पण एक लोकल चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर ताटकळायचं हे तुला मी सांगायला नको. तेव्हा साडेसातची पोळी कधीकधी साडेआठला होईल, नाहीतर तो भाताचा कुकर लावेल. माणूस वाईट नसेल तर हे ऐकून तो आधी गप्प बसेल आणि मग एखादी अडचण काढेल. अडचण काढली की समज, विषय पुढे सरकला. 'आता कशाला दगदग' एवढंच म्हणाला, तर म्हण की सहा महिने करून बघते, नाही झेपलं तर मीच सांगेन.

फोन मात्र त्या रविवारची वाट पाहात अडवून ठेवू नकोस. तो उद्याच कर. मॅडमना म्हण, 'दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा घरची सोय लागत नव्हती म्हणून कळवलं नाही. जागा अजून आहे का? जनरल शिफ्ट मिळेल का?' सबबी सांगू नकोस, सासऱ्यांचं आजारपण त्यांनाही माहीत असेल. जागा भरली असेल तर दुसरीकडे कुठे आहे का हे विचार. क्यूसीची माणसं एकमेकांना ओळखतात, ऑडिटच्या आदल्या रात्री जागलेली असतात ती.

आणि समजा तिथे नाहीच जमलं? मग आधी फुकटचं सगळं वापर. केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल 2015 पासून सुरू आहे, नोंदणीला पैसे नाहीत. राज्य सरकारची जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं आहेत, म्हणजे आपलं जुनं सेवायोजन कार्यालय. सरकारी कचेरी म्हणून नाक मुरडू नकोस. औषधांशिवाय अन्न आणि पाणी तपासणाऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतही तुझं शिक्षण चालतं, आणि काही ठिकाणी वेळा बऱ्या असतात.

सल्लागाराची खरी गरज मला एकाच बाबतीत दिसते. लॅबमध्ये परत उभंच राहायचं नाही, रेग्युलेटरी अफेअर्ससारखं (औषधांच्या सरकारी परवानग्यांच्या कागदपत्रांचं) टेबलावरचं, जमलं तर घरून करता येण्यासारखं काम हवं, असं तुझं ठरलं तर. ती वाट तुला अनोळखी आहे. पण तेव्हाही पॅकेज नको, एकच बैठक पैसे देऊन घे. आणि आधी विचार: औषध क्षेत्रातल्या किती जणांना तुम्ही नोकरी बदलायला मदत केलीत, त्यातल्या एखाद्या बाईशी मला बोलता येईल का? सेवा मध्येच थांबवली तर पैसे परत कसे मिळतात, ते लेखी द्याल का? यावर ज्या गडबडल्या, त्यांच्याकडे जाऊ नकोस. कुठे पैसे भरून अडकलीसच, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही लागत नाही.

मुलाखतीला गेलीस तर सात वर्षांच्या खंडाबद्दल विचारतीलच. दोन वाक्यांत सांगून मोकळी हो: मूल लहान होतं, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं, आता दोन्ही जबाबदाऱ्या तशा राहिलेल्या नाहीत. पुढे शेवटच्या दोन वर्षांत तू कुठली उपकरणं हाताळलीस, कुठल्या ऑडिटला सामोरी गेलीस, त्याकडे बोलणं वळव. आणि हो, अप्रूव्हलच्या पत्राची झेरॉक्स नको, मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते आज रात्रीच बघून ठेव.

– ताई